हवेची वाहतूक

सरांच्या खिशात पेन कधी नसायचं, खडू असायचा. त्याच्या भुकटीने शर्टाचा तो एक खिसा कायमचा पांढुरका झालेला. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती, पण खडू काही सुटला नव्हता. तो फळ्यासाठी नव्हताच मुळी. सर कुठेही गेले की त्यांची नजर आधी कोपऱ्यांत जायची. दाराच्या मागे, जिन्याच्या खाली, कपाटाच्या डोक्यावर. कुठे जागा वाया गेलेली दिसली, की तिथे ते खडूने बारीकशी फुली मारायचे. घरमालकाला विचारायची पद्धत नव्हती. एकदा गावात एका घरी माणूस वारलं म्हणून भेटायला गेले. बसले, प्रार्थना म्हटली, घरच्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघताना दारामागच्या भिंतीवर फुली मारून आले.

आंटींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, घरी आल्यावर कपाळावर हात मारला. "अहो, मयताच्या घरी तरी!"

"मयताच्या घरी चपला दारात पडत नाहीत काय?" सर म्हणाले. "चार म्हातारे अडखळले आज."

पुढे त्या घराने खरंच त्या फुलीवर चपलांचं उभं कपाट करून घेतलं. सर ते सगळ्यांना अभिमानाने दाखवायचे, जणू घर त्यांचंच आहे.

आता सर नाहीत. आम्हीही त्यांच्या घरातून निघून फुलपाड्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. पण आमच्या फ्लॅटमध्ये पाहुणे येतात आणि म्हणतात, "एवढ्याशा जागेत हे सगळं बसवलंत कसं?" तेव्हा मला सरांबद्दल सांगावंच लागतं, आणि सांगायला लागले की गोष्टीची गाडी थेट सरांच्या गाडीवर येते.

आम्ही सांगलीकडचे. संदीपला, माझ्या नवऱ्याला, सातिवलीला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका युनिटमध्ये सुपरवायझरची नोकरी लागली म्हणून वसईला आलो. राहायला मिळाली सरांच्या घराची माडी. पश्चिमेला, डांबरी रस्ता संपून वाडीची वाट सुरू होते तिथे. दारात विहीर, मागे केळी, बाजूला मोगरा आणि तगर. मी पहिल्या दिवशी सामान घेऊन जिना चढत होते, तर खालून सरांचा आवाज आला, "बाय, चौथी पायरी जपून, तिच्यात कांदे आहेत."

मला वाटलं माझी काहीतरी ऐकण्यात चूक झाली. पण खरंच चौथ्या पायरीला पुढून मूठ होती आणि ती खणासारखी बाहेर यायची. त्या जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे एक खण होता. एकीत कांदे, एकीत खिळे, एकीत नाताळच्या गोठ्यातल्या मेंढ्या आणि उंट. देव्हाऱ्याखाली चादरी, पलंगाखाली बियाणं, खिडकीच्या कट्ट्यात आंटींची शिवणाची पेटी. आंटी घरात त्यांच्या बोलीत बोलायच्या, मला अर्धंच कळायचं, पण एक तक्रार त्या माझ्यासाठी मुद्दाम शुद्ध मराठीत करायच्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून मीठ शोधतेय. सापडलं की हे दुसरीकडे हलवतात. म्हणतात, ह्याहून चांगली जागा मिळाली."

सर चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांचे जुने विद्यार्थी वसईत पावलोपावली भेटतात. कोणी बँकेत, कोणी रिक्षावर, कोणी फादर झालेलं. त्यांना सरांबद्दल विचारा, सगळे एकच गोष्ट सांगतील. पाचवीच्या वर्गात सर टेबलावर दोन माठ शेजारी शेजारी ठेवायचे आणि म्हणायचे, "माठ काढायचे नाहीत. दोन माठांच्या मधली हवा काढा." पोरं गोंधळून जायची. हवा कशी काढायची? मग कोणीतरी हुशार पोरगं त्या मधल्या फटीचा आकार काढायचं आणि बघता बघता दोन्ही बाजूंना माठ आपोआप उभे राहायचे. "बघा," सर म्हणायचे, "जिथे काही नाही, तिथे नीट बघितलं की जे आहे ते पण दिसतं." मला चित्रातलं काही कळत नाही. पण हा माणूस जन्मभर तेवढी एकच गोष्ट शिकवत राहिला, एवढं मला कळतं.

वाडीतली फुलं आणि भाजी बाजारात न्यायला पूर्वी एक टेम्पोवाला यायचा. त्याने धंदा बंद केला, तेव्हा सरांनी एक जुनी पिकअप घेतली. पुढे दोन माणसं बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा. त्या हौद्यात मागच्या चाकांवर पत्र्याचे दोन उंचवटे होते. टोपल्या ठेवायला गेलं की टोपलीची एक कड उंचवट्यावर आणि एक खाली, असं व्हायचं. दुसऱ्या कुणी शिव्या घातल्या असत्या. सर मात्र गाडी दारात उभी करून दोन दिवस हौद्यात मांडी घालून बसून होते. येणारे-जाणारे विचारत, "मास्तर, काय करताय?"

"बघतोय," सर म्हणत.

तिसऱ्या दिवशी हौदाभर फुल्या होत्या. उंचवट्यांच्या पुढे, मागे, मधे, केबिनच्या पाठीशी. "ही गाडी आजपर्यंत हवेची वाहतूक करत होती," त्यांनी मला सांगितलं. "डिझेल जाळून हवा दादरला न्यायची आणि तीच हवा परत आणायची. चालेल का?"

त्याच सुमारास त्यांच्या जुन्या शाळेने लाकडी बाक काढून लोखंडी घेतले होते. सरांनी ते सागवानी बाक उचलून आणले आणि करवत घेतली. युक्ती सोपी होती. उंचवट्यांच्या उंचीला हौदाभर सपाट फळ्या बसवायच्या. वर टोपल्यांना सपाट जमीन मिळाली. खाली दोन उंचवट्यांच्या मधल्या पोकळीत दोन लांबलचक खण, हौद्याचं मागचं दार, म्हणजे फाळका, खाली पाडला की बाहेर ओढायचे. आणि उंचवट्यांच्या पुढच्या-मागच्या चार कोपऱ्यांवर झाकणं, की वरून हात घालून काहीही ठेवता यावं. फळ्यांवर पोरांनी कर्कटकाने कोरलेली नावं तशीच राहिली. एका फळीवर तर कुणीतरी 'सर खडूस आहेत' असं कोरलेलं होतं. सरांनी ती फळी मुद्दाम वरच्या अंगाला लावली.

गाव हसलं. "मास्तरांनी गाडीला पण जिना केला," असं म्हणायचे. सरांनी मनावर घेतलं नाही. सर काहीच मनावर घ्यायचे नाहीत, कारण आपण बरोबर आहोत ह्याबद्दल त्यांना कधी शंकाच यायची नाही. मला असा माणूस आधी भेटला नव्हता. आमच्या घरी सगळेच शंकेखोर.

मग संदीपचं युनिट बंद झालं. मालकाने मशिनरी गुजरातच्या बाजूला हलवली. ज्यांना यायचं त्यांनी या म्हणाला, पण सुपरवायझर तिथले आधीच ठरलेले होते. संदीप घरी बसला. दिवसभर माडीच्या गॅलरीत खुर्ची टाकून केळीच्या पानांकडे बघत राहायचा. मुलगी शाळेत जायची, तिला इथलं सगळं आवडायला लागलं होतं. संदीपच्या तोंडी मात्र एकच, "परत जाऊ. शेतात काहीतरी करू." शेत होतं भावाच्या ताब्यात आणि तिथे आमची वाट कुणी बघत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. मला जायचं नव्हतं. पण राहायचं तर घर चालणार कशावर?

एका सकाळी सर बाजारातून परत आले. गाडी दारात लावली, हौदा धुतला आणि वर बघून मला हाक मारली. "बाय, खाली ये."

मी गेले. त्यांनी रिकाम्या हौद्याकडे बोट दाखवलं. "नऊ वाजले. आता ही उद्या पहाटेपर्यंत अशीच उभी. जागा रिकामी ठेवणं वाईट, आणि वेळ रिकामा ठेवणं त्याहून वाईट. तू भाकरी चांगली करतेस."

"सर, म्हणजे?"

"सातिवलीला दुपारी कारखान्यांतली हजारो माणसं वडापाव खातात. रोज. पोटं बिघडतात त्यांची. तू घरी शिजव. मी गाडी नेतो. खणांत डबे, कोपऱ्यात ताटल्या, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी. फाळका पाडला की झालं टेबल. तिथे फक्त वाढायचं."

"आणि गाडीचं भाडं?"

"डिझेल तुझं. आणि मला रोज एक भाकरी. करपलेली नको."

मी संदीपला सांगितलं. तो पहिल्यांदाच चिडला. "ज्या गेटवर लोक मला साहेब म्हणत होते, तिथे उभं राहून तू पिठलं विकणार?" मी म्हटलं, "पिठलं मी विकणार आहे, तू नको येऊस." तो पुन्हा गॅलरीत जाऊन बसला. सरांनी त्याला समजवायचा प्रयत्नही केला नाही. ते खाली खणांना पत्र्याचं अस्तर लावत होते, आणि मधूनमधून ओरडायचे, "संदीप, जरा ही फळी धर." संदीप चेहरा पाडून यायचा, फळी धरायचा, परत वर जायचा. तेवढंच.

पहिल्या दिवशी मी उसळ, पिठलं, ठेचा आणि भाकऱ्यांची चवड घेऊन सरांशेजारी बसले. पूल ओलांडून पूर्वेला उतरलो, एका गतिरोधकावरून गाडी उडाली आणि मागून धाडकन आवाज झाला. फाळक्याची कडी निसटली होती. एक खण अख्खा बाहेर येऊन रस्त्यावर आडवा पडला होता आणि माझी मटकीची उसळ डांबरावर पसरली होती. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, मग उतरून मला डबे गोळा करायला मदत केली.

मी रडत होते की चिडले होते, आता सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. सर रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या खणाकडे बघत होते. मग म्हणाले, "चुकलं. मी रिकाम्या खणाचा विचार केला. भरलेल्याचा केलाच नाही."

त्यांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी तेव्हाच एकदा ऐकला. आणि तोही ते अशा ठामपणे म्हणाले, की जणू चूकही त्यांनी नीट मोजून केली होती.

परत आलो. संदीपने माडीवरून रिकामे डबे बघितले आणि खाली आला. मला वाटलं, आता म्हणेल, मी सांगत होतो. तो थेट गाडीकडे गेला. हौद्यात चढला, खण मागे-पुढे ओढून बघितला, दोन्ही हातांनी उचलून बघितला.

"सर, हा सपाट बसवलाय तुम्ही."

"मग? वाकडा बसवू?"

"हो. आतल्या बाजूला जरासा उतार द्या. आम्ही खोके ट्रकमध्ये लावायचो तेव्हा बघितलंय. धक्का बसला की माल दाराकडे येतो. उतार आतल्या बाजूला असला की तो स्वतःच्या वजनाने आतच राहील. आणि डबे खणात हलता कामा नयेत, मधे पुठ्ठ्याचे कप्पे पाहिजेत. मी करून देतो."

सरांनी खिशातून खडू काढला आणि संदीपच्या हातात दिला.

संध्याकाळपर्यंत दोघं हौद्यात होते. उतार दिला, लाकडी अडसर बसवला, पुठ्ठ्याचे कप्पे झाले. आंटी मला म्हणाल्या, "आता दोन झाले. माझं मीठ काही सापडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी डबे भरले, तर संदीप आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीशी उभा. केबिनमध्ये तिघं बसत नाहीत म्हणून तो मागे हौद्यात बसला, अडसरावर हात ठेवून. गतिरोधक आला तेव्हा सरांनी मुद्दाम गाडी जरा जोरात नेली. मागून संदीपने पत्र्यावर थाप मारली. सगळं जागच्या जागी.

सातिवलीला त्याच्याच जुन्या गेटजवळ गाडी लावली. फाळका पाडला, त्यावर धुतलेली चादर घातली. थोडा वेळ कोणी येईना. लोक लांबून बघत होते. मग बाजूच्या युनिटमधला एक जण आला. संदीपच्या हाताखाली होता तो पूर्वी. त्याने संदीपकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाला, "साहेब, तुम्ही?"

मी भाकऱ्यांवरचं फडकं उगाच सारखं केलं.

"हो, मी," संदीप म्हणाला. "ठेचा देऊ का? तिखट आहे हां."

त्या दिवशी भाकऱ्या कमी पडल्या. सरांना त्यांची भाकरी मिळाली नाही, म्हणून ते येताना वाटेत वडापाव खाऊन आले आणि रात्रभर पोट धरून बसले. "बघ, मी म्हणत होतो," एवढंच म्हणाले.

धंदा लागला. तिथल्याच ओळखीतून काही महिन्यांनी संदीपला एका गोडाऊनमध्ये चांगली नोकरी मिळाली. मग पुन्हा मी आणि सर. ह्याच दिवसांतली एक गोष्ट. हायवेवर पोलिसांची तपासणी चालू होती. दमणवरून चोरटी दारू येते, त्यासाठी. गाड्यांना चोरकप्पे करतात म्हणून ते हौदा ठोकून बघत होते. आमच्या हौद्यावर काठी ठोकली, तर आवाज पोकळ. तो हवालदार एकदम ताठ झाला.

"काका, खाली काय आहे?"

"जागा," सर म्हणाले.

"जागा काय? खाली माल काय आहे?"

"आता नाही. सकाळी होता. संपला."

मी सरांचा शर्ट ओढत होते. हवालदाराने साहेबांना हाक मारली. दोघंतिघं जमले. "उघडा," म्हणाले. सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की पोलीस आणखीच सावध झाले. एवढ्या आस्थेने सरांना कोणी 'उघडा' म्हटलंच नव्हतं आजवर. त्यांनी फाळका पाडला आणि एकेक खण बाहेर काढत समजवायला सुरुवात केली. हा उतार का दिला, हा अडसर कसा फिरतो, ह्या कोपऱ्यात दोर, ह्यात छत्र्या, ह्यात जॅक, ह्यात प्रथमोपचार, ह्यात फादरांच्या मंडपाचे खुंटे, परत द्यायचे राहिलेत. मागे गाड्यांची रांग लागली. साहेब दोनदा म्हणाले, "ठीक आहे काका, जा आता." सर जाईनात. "अजून केबिनच्या पाठचं बघितलं नाहीत तुम्ही."

शेवटी मी घरासाठी बाजूला ठेवलेल्या दोन भाकऱ्या आणि पिठलं त्यांना देऊन सरांना ओढत गाडीत बसवलं. निघताना तो पहिला हवालदार खिडकीशी आला. हळूच म्हणाला, "काका, माझी खोली लहान आहे. पोराला अभ्यासाला टेबल ठेवायला जागाच नाही. येऊन बघाल का?"

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून सर त्याच्या घरी गेले आणि भिंतीला लागून वर उचलता येईल असं टेबल आखून देऊन आले. "पोलिसाच्या घरी फुली मारून आलो," असं गावभर सांगत फिरले.

सरांच्या डोळ्यांचं माझ्या उशिरा लक्षात आलं. आधी आवाराच्या दाराच्या खांबाला गाडीची डावी बाजू घासली. ज्या दारातून ते जन्मभर आत-बाहेर करत होते, त्याच दाराचा खांब. सर म्हणाले, खांब कलला असेल. मग सातिवलीच्या वळणावर एक बाई स्कूटरवरून आमच्या डावीकडून चालली होती. बराच वेळ बाजूबाजूनेच येत होती. सरांनी गाडी डावीकडे घेतली. मी किंचाळले. ब्रेक लागला. ती बाई हातभर अंतराने वाचली, थांबून चार शब्द बोलली आणि गेली.

सर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. "कुठून आली ती?" त्यांनी विचारलं.

"सर, ती केव्हापासून बाजूलाच होती."

त्यांनी पुढे वाद घातला नाही. गाडी कडेला घेतली, बंद केली, किल्ली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "संदीपला फोन कर. तो घेऊन जाईल."

काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, समोरचं बरंचसं राहील, पण कडेचं गेलं ते परत येणार नाही. नायगावला टॉवरमध्ये राहणारा त्यांचा मुलगा धावत आला. "पप्पा, गाडी विकून टाकू. तुम्ही दोघं आमच्याकडे चला." सर ऐकत होते. नंतर मला म्हणाले, "कोपरेच गेले बघ. समोरचं काय, समोरचं सगळ्यांनाच दिसतं." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज मला म्हाताऱ्या माणसाचा वाटला.

पण गाडी विकू दिली नाही. मुलगा गेल्यावर मला बोलावलं. "तू चालवायला शीक."

"सर, मला सायकल पण धड येत नाही."

"संदीप गोडाऊनला जातो, मला दिसत नाही. मग ही उभी राहणार दारात? काय भरून राहील तिच्यात?"

मला उत्तर माहीत होतं: हवा.

संध्याकाळी मिठागराच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. सर डावीकडे, मी उजवीकडे. गाडी दर वेळी आचके देऊन बंद पडायची. दोन दिवस सर नुसते "हळू, हळू" म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाले, "भाकरी तव्यावर टाकताना हात कसा काढतेस? एकदम झटकतेस काय? तसाच क्लचवरून पाय काढ." त्यानंतर गाडी बंद पडली नाही. लायसन्स हातात आलं तेव्हा आंटींनी गोड सांजा केला. सरांनी दोनदा मागून घेतला आणि म्हणाले, "आता तू जा. माझं काही काम नाही."

मला वाटलं, गमतीने म्हणतायत. पण सकाळी ते गाडीशी आलेच नाहीत. ओट्यावर बसून राहिले. मी म्हटलं, "सर, चला की, बाजूला बसा." तर म्हणाले, "बाजूला बसून काय करू? माल पुढे बसत नाही." मी एकटी गेले. पूल ओलांडला, वळणं घेतली, गाडी लावली, वाढलं, परत आले. सगळं नीट झालं आणि कशातच मजा नव्हती. असे बरेच दिवस गेले. आंटी म्हणायच्या, "जेवतानासुद्धा बोलत नाहीत. मीठ होतं तिथेच आहे, हल्ली पटकन सापडतं." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

एक दिवस मी दुपारी परत आले, डबे उतरवले, धुवायला विहिरीवर नेले. वळून बघते तर सर गाडीशी. केबिनचं उजवं दार उघडून, आत वाकून, माझ्या सीटच्या मागे हात घालून काहीतरी चाचपत होते.

"बाय, ही सीट पुढे घेतलीस तू?"

"हो सर. मागे असली की माझे पाय पोचत नाहीत."

ते चाचपतच राहिले. त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला होता. बाहेर काढला, पुन्हा घातला, वर-खाली फिरवला. मग माझ्याकडे वळले. डोळे नेमके माझ्याकडे नव्हते, जरा बाजूला होते, पण चेहरा पूर्वीसारखा झाला होता.

"अगं, इथे वीतभर जागा आहे! पार वरपासून खालपर्यंत! एवढी वर्षं मी ही गाडी कानाकोपऱ्यांत बघितली, आणि ही दिसलीच नाही."

"कशी दिसेल सर? तुम्हीच टेकून बसला होतात."

ते इतक्या जोरात हसले, की आंटी घरातून धावत आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबे भरून गाडीशी आले, तर सर दारात उभे. धुतलेला शर्ट, पायात बूट आणि हातात काठी. डॉक्टरांनी सांगितल्यापासून आंटी त्या काठीसाठी मागे लागल्या होत्या आणि त्यांनी ती एकदाही हातात घेतली नव्हती. मी दार उघडलं. त्यांनी काठी माझ्या सीटच्या मागे सरकवली. ती बरोबर बसली, हललीसुद्धा नाही. मग एका हाताने बोनेट चाचपत, गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराने आत आले आणि माझ्या शेजारी बसले.

"डावीकडचं तू बघ," म्हणाले. "बाकी मी सांगतो."

"सर, आधी पट्टा लावा."

त्यांनी पट्टा लावला आणि आम्ही निघालो.